अमिनोचा डबा

३ जून
आजपासून मी नोकरदार! स्नायू वाढवणाऱ्या अमिनो आम्लांची भुकटी बनवणारा कारखाना, आणि तिथल्या तपासणी प्रयोगशाळेत माझं स्वतःचं टेबल. घरातली पहिली पदवीधर कामाला लागली म्हणून बाबा गल्लीभर सांगत सुटलेत. नव्या माणसाला एक डबा फुकट मिळतो. तो मी धाकट्याला दिला. छाती भरत नाही म्हणून सैन्याच्या भरतीतून तो दोनदा परत आलाय. घरात त्याला काडीपैलवानच म्हणतात. "ताई, आता बघच," म्हणाला.

१९ जून
काडीपैलवान हे नाव मागे घ्यावं लागणार. दंड असे भरलेत की शर्ट काखेत उसवला. आई तो शिवायला बसली आणि म्हणाली, हा असाच फुगत राहिला तर ह्याला पडदेच गुंडाळावे लागतील. खूप हसलो. सुई मात्र तिच्या बोटांतून सारखी निसटत होती. वय झालं, म्हणाली.

२ जुलै
मन थाऱ्यावर नाही. नव्या मालाची चाचणी केली, तर त्यात अमिनो आम्लांचा मागमूस नाही. ताजी रसायनं घेऊन पुन्हा केली. घरच्या डब्यातली भुकटीही तपासली. नुसतं पीठ आणि व्हॅनिलाचा वास. ही लोकांची फसवणूक आहे, माझा भाऊही हेच खातो, असं मी साहेबांना तोंडावर सांगितलं. ते चिडले नाहीत.
"तुझा भाऊ फसलाय का?" एवढंच विचारलं.
शून्यातून मांस तयार होत नाही. मग त्याच्या अंगावर चढतंय ते येतं कुठून?

९ जुलै
बाबांना जिना चढवेना. धाकट्याने त्यांना पाठुंगळी घेतलं आणि म्हणाला, किती हलके झालात हो. मी बाबांच्या पोटऱ्या पाहिल्या. कातडी आणि हाड. डॉक्टर म्हणतात, आजार काहीच नाही.
साहेबांना गाठलं. ते म्हणाले, भरल्या घरात गुण लवकर येतो. स्वतः ते एकटेच राहतात.

१० जुलै
नोकरी सोडली. डबा मोरीत ओतला.

१६ जुलै
थांबत नाही. डबा नाही तरी तो वाढतोच आहे. भरतीत निवड झाली त्याची. मला वाटलं, सुटलो, आता तो जाईल. पण आईला अंथरुणात पाहून म्हणाला, "तुम्हाला असं टाकून कसा जाऊ?" दिवसभर तिला भरवतो, कूस बदलतो. जितका जवळ बसतो तितकी ती —

१९ जुलै
आज त्याला सगळं सांगणारच होते. तोंड उघडलं — जीभ वळेना. जीभही स्नायूच. तो घाबरून रडला, मला मिठीत घेतलं. ढकलताही आलं नाही.

२१ जुलै
पेन दोन्ही हातांत. तो पायाशी बसून पाय चेपतोय. मायेने. वही त्याच्याकडे वळवते आहे —
बाळा, वाच. तुझा दोष नाही. भरतीला जा, आत्ता. आई-बाबांचा श्वास अजून — हात काढ. लांब हो, लां