पिठाचे स्टुअर्ट

प्रिय डुगल,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. मी सुखरूप पोचले. इथे पाऊस थांबत नाही, पण उतरलेय त्या घरातली चूल चांगली पेटते, तेव्हा काळजी नको. बाबांचा खोकला कसा आहे? काही खातात का?

पणजोबांचं गाव सापडलं. घरांना छपरं नाहीत, नुसत्या दगडी भिंती. खालच्या वस्तीत मार्सली आजी भेटली. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "आम्ही स्टुअर्ट, रॉबर्ट राजाच्या रक्ताचे."

म्हातारी खोखो हसली. "अगं बये, तुम्ही पिठाचे स्टुअर्ट! दुष्काळात इथला जमीनदार म्हणाला, जो माझं आडनाव लावील त्याला पोतंभर ओटचं पीठ. एका हिवाळ्यात अख्खी दरी राजघराण्यातली झाली!"

"आणि त्याआधी आमचं आडनाव काय होतं?"

"ते कोणाला आठवतंय? पिठाबरोबर खाऊन टाकलंत."

डुगल, लहानपणी पीठ सांडलं की बाबा डाफरायचे, आठवतं? "याच्यासाठी काय दिलंय, ठाऊक आहे?" ते आजोबांचं वाक्य. आपल्याला वाटायचं, पैशांचं बोलतायत. बाबांनाही तसंच वाटत असणार.

त्यांना यातलं काही सांगू नकोस. म्हणावं, एफीला राजा सापडला. त्यांना स्वतःच्या थडग्याच्या दगडावर 'राजवंशी' कोरून हवंय ना, पाथरवटाला कोरू दे.

लापशी मात्र तूच भरव, हळूहळू. सांडू देऊ नकोस.

तुझी,
एफी