बाबुरावांसाठी पाण्याचा ग्लास

मी, स्वरूपा बळवंत टिपणीस, वय एकतीस, व्यवसाय परिभाषा अभियंता, राहणार गाझियाबाद, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसं न्यूरोसर्जनचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. मेंदूत भाषेच्या भागाला लागून गाठ आहे आणि पुढच्या मंगळवारी ती काढणार आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. ज्यांना दबाव आणण्याची सवय आहे ते आज घरी नाहीत.

या कागदाने मुख्यतः एकच गोष्ट ठरणार आहे: माझ्यामागे माझे वडील या घरात राहतील की नाही.

१. घर. गाझियाबादचा हा फ्लॅट मी माझ्या पगारातून घेतला असून तो माझ्या एकटीच्या नावावर आहे. दारावरची पाटी मात्र ‘श्री. बळवंत टिपणीस, निवृत्त उपसचिव, भारत सरकार’ अशी आहे. पाटीला कायद्यात मालकी नाही. हा फ्लॅट मी माझी आई अहिल्या हिला देत आहे. वडिलांना त्यात राहायचं असेल तर ते कलम ६ मधल्या अटीवर.

२. बँकेतली शिल्लक आणि विमा आईला. तिला एटीएम वापरता येत नाही, कारण तिला कधी वापरू दिलं नाही. माझी मैत्रीण केतकीने तिला शिकवावं.

३. जेवणाच्या टेबलावर एक पितळी घंटी आहे. निवृत्तीच्या दिवशी बाबांनी ती ऑफिसमधून आणली. एकदा वाजवली की चहा, दोनदा वाजवली की आईने स्वतः समोर यायचं. घंटी माझी नाही, त्यामुळे तिची वाटणी मी करू शकत नाही. पण टेबल माझं आहे आणि ते मी आईला देत आहे. त्यावर काय ठेवायचं ते तिने ठरवावं.

४. शब्द. इंग्रजीतले अधिकारी आणि सत्ता यांविषयीचे शब्द, त्यांना स्लोवाक प्रतिशब्द, आणि भाषांतराच्या यंत्राला ते नीट लावून देणं, हे माझं काम. कंपनीसाठी केलेला कोश कंपनीचा आहे. पण त्याआधी, दिल्लीत मुनिरकाच्या भाड्याच्या खोलीत राहून स्लोवाक शिकत होते तेव्हा, मी हाताने कार्डं केली होती. एका बाजूला इंग्रजी शब्द, मागे स्लोवाक. मेयर, मागे स्तारोस्ता. जज, मागे सुत्सा. क्लार्क, मागे ऊराद्नीक. ही कार्डं मी वडिलांना देत आहे.

कारण सांगते. लहानपणी सरकारी कॉलनीत पाहुणे आले की बाबा मला मधे उभं करून अवर सचिवापासून कॅबिनेट सचिवापर्यंतची उतरंड म्हणायला लावायचे. चुकले तर जेवण पाहुणे गेल्यावर. पाहुणे म्हणायचे, “वा, बिल्कुल बापावर गेलीये!” मी स्लोवाक घेतलं तेव्हा बाबांनी विचारलं होतं, “अच्छा. आणि यात पोस्ट कोणती मिळते?” कोणतीही नाही, बाबा. आता तुम्हीही निवृत्त आहात, आई घंटी ऐकेल याची खात्री नाही, आणि वेळ भरपूर आहे. कार्डं पाठ करा. ऐकायला पाहुणे मिळाले तर उत्तम.

५. दिवाणखान्यातली उंच पाठीची खुर्चीसुद्धा बाबांना. तिच्या पाठीवर मी एक चिठ्ठी चिकटवली आहे: बीवाली. ‘स्लोवाकमध्ये याचा अर्थ सर्वोच्च अधिकारी’ असं बाबा आल्यागेल्याला सांगतात. मी तसं कधी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं, “तुमच्या पदाला लावतात, बाबा.” बीवाली म्हणजे माजी. चिठ्ठी काढू नये. खुर्ची बाबा जिथे जातील तिथे जावी.

स्लोवाक चिन्हांचा कीबोर्ड माझा सहकारी आशय कोलते याला. त्याने कधी माझं पद विचारलं नाही.

६. अट.

बाबुराव मेश्राम, मूळ राहणार भंडारा, हे बाबांच्या ऑफिसात शिपाई होते. त्यांचा मुलगा विनय माझ्याबरोबर शिकला. आम्ही लग्न ठरवलं. बाबांनी नाही म्हटलं नाही. ‘आपण पुढारलेले लोक आहोत’ असं ते आठवडाभर फोनवर सगळ्यांना सांगत होते. मग बैठकीसाठी मेश्राम कुटुंब या घरी आलं. बाबुरावांनी नवा कोट घातला होता. बाबांनी त्यांना सोफ्यावर स्वतःशेजारी बसवलं आणि “या, व्याही!” असं म्हटलं. मी तिथेच होते, हे त्यांनी म्हटलं होतं.

बोलणी चांगली चालली होती. बाबांना खोकला आला. आई उठायला लागली.

“तू बस गं,” बाबा म्हणाले. आणि मान न वळवता, “बाबुराव, जरा पाणी.”

बाबुराव उठले. हातातली बशी खाली ठेवून सरळ स्वयंपाकघरात गेले. ट्रे घेऊन आले. पहिला ग्लास बाबांना, मग माझ्या काकांना, मग आईला, मग विनयला, अगदी पदांच्या क्रमाने. ट्रे रिकामा झाला तरी ते उभेच राहिले. त्यांना बसायला कोणी सांगितलं नव्हतं.

बाबा पाणी प्यायले आणि हॉलच्या भाड्याबद्दल बोलू लागले.

विनयने ग्लास तसाच खाली ठेवला. “चला, बाबा,” एवढंच तो म्हणाला. जिन्यात मला म्हणाला, “तुझ्या बापाने अपमान केला असता ना, तर भांडलो असतो. त्याला तर कळलंसुद्धा नाही, यार.” तो परत आला नाही. आता नागपूरला असतो. त्याला मुलगी आहे.

मी बाबांना समजावून सांगितलं. ते हसले. “अगं, सवय! त्यालाही आहेच की. बघितलंस ना, कसा पटकन उठला?”

म्हणून अट अशी. माझ्या मृत्यूनंतर वर्षाच्या आत बाबुरावांनी या घरात यावं, सोफ्यावर बसावं, आणि बाबांनी स्वतः उठून, स्वयंपाकघरातून, ट्रेमध्ये त्यांना पाणी आणून द्यावं. बाबुरावांनी ते प्यावं. ते पिऊन होईपर्यंत बाबांनी उभं राहावं. आईने किंवा कामवाल्या बाईंनी आणलेलं पाणी धरलं जाणार नाही. हे घडलं तर बाबा इथे तहहयात राहू शकतात. नाही घडलं, तर वर्ष संपताच त्यांनी घर सोडावं. त्यांच्या पेन्शनमध्ये मुनिरकात खोली सहज मिळते. खिडकी लहान असते, पण पाटी लावता येते.

आईला मी हे वाचून दाखवलं. मला वाटलं, ती रडेल. तिने विचारलं, “म्हणजे मोठी बेडरूम माझी?” मी हो म्हटलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, “मग त्या बाजूचं कपाट आत्ताच रिकामं करून ठेवू का?”

बाबुराव निवृत्तीनंतर भंडाऱ्यालाच असतात. गेल्या रविवारी मी त्यांच्याकडेही गेले. अट सांगितली.

“साहेब उभे राहतील, ताई,” ते म्हणाले. “घर जायची वेळ आली की माणूस उभा राहतो. पण मी नाही येणार. त्या घरातलं पाणी मला नको.”

“तुम्ही आला नाहीत तर त्यांना घर सोडावं लागेल, काका.”

“ते मला कळलं,” ते म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठू लागले. मी त्यांना बसायला सांगितलं आणि चहा मी केला.

हे माहीत असूनही मी अट बदललेली नाही. बाबांनी फोन करावा, पत्र लिहावं, भंडाऱ्याला जाऊन दारात थांबावं. होकार किंवा नकार देण्याचा अधिकार संपूर्णपणे बाबुरावांचा आहे. त्यावर अपील नाही.

७. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी माझी मैत्रीण अॅड. केतकी राजवाडे हिला नेमत आहे. तिने दया दाखवू नये. मी मंगळवारी वाचले, तर हा कागद लागू होत नाही. तेव्हा कलम ६ मी स्वतःच बाबांना वाचून दाखवीन. भाषा गेली असेल तर केतकी वाचेल आणि मी समोर बसेन.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिलं आहे. बाबा आज काला अंबला गेले आहेत. पानिपतच्या पराभवावर ते दरवर्षी तिथे भाषण करतात. संध्याकाळपर्यंत येतील.

स्वरूपा बळवंत टिपणीस (सही)

साक्षीदार: शशिकांत पेंढारकर, शेजारी (सही)
साक्षीदार: चंद्रप्रभा वैद्य, शेजारी (सही)

स्थळ: गाझियाबाद, दिवाणखाना
दिनांक: १४ जानेवारी २०२५