गव्हाणीतला वरवंटा

बुध. ३ डिसेंबर
आज चर्चमध्ये नाताळची गव्हाणी मांडली. दरवर्षी ठरवते, यंदा तरुण पोरींनी करावं. किल्ली माझ्याकडे, म्हणून कामही माझ्याकडेच. दवाखान्यातून रिटायर झालेली सिस्टर म्हणजे मंडळीची कायमची नाइट ड्युटी! गुडघे बोलून राहिले.

आत अंथरायची तणीस, धानाचा पेंढा, कौसल्याने दिली, नेहमीसारखी. आमची भिंतीला भिंत. तिच्या भावाचं धान आंधळगावला निघालं की ती माझ्यासाठी एक भारा वेगळा काढते. स्वतः बसून निवडते, टोचणारी काडी बाजूला. "लेकराले रुतन न," म्हणते. मातीच्या लेकराला! मी दरवर्षी हसते, ती दरवर्षी निवडते.

आज भारा डोक्यावर घेऊन स्वतःच आली. पहिल्यांदाच गव्हाणी मांडताना पाहिली तिने. मेंढरं पाहिली, कान तुटलेली गाय पाहिली. मग म्हणाली, "सिस्टर, बाळ कुठं आहे?"
म्हटलं, चोवीसच्या संध्याकाळी उपासनेत ठेवतो. तोवर रिकामी. आमच्याकडची रीत.
"एवढे दिवस रिकामं पाळणं?"
वाट पाहण्याचा अर्थ वगैरे सगळं समजावलं. तिने मान हलवली. पेशंट पथ्य ऐकताना हलवतात तशी.

घरी येताना लक्षात आलं. तिच्या सुनेला, पल्लवीला, सातवा लागलाय. आधीची दोन राहिली नाहीत. दोन्ही वेळा मी होते. म्हणून कौ.ने घरातला पाळणा अजून माळ्यावरच ठेवलाय, गाठोडं बांधून. त्याचं नावही काढू देत नाही.

शुक्र. ५
चर्चचे पाळक आले होते. तरुण आहेत, गोड बोलतात, म्हणून नाही म्हणता येत नाही. पंचवीस तारखेला मी पाच मिनिटं बोलायचं. विषय: नाताळाचा अर्थ. "सिस्टर, तुमच्या अनुभवातून सांगा."
लिहायला बसले. प्रीती, शांती, आनंद. खोडलं. एवढं तर ग्रीटिंग कार्डावरही असतं.

रवि. ७
हसावं की रागवावं!

सकाळी चर्च उघडलं, तर गव्हाणीत बाळ. जवळ जाऊन पाहते तर वरवंटा. चटणी वाटायचा, काळा, चांगला वजनदार. हातमागावरच्या उरलेल्या कापडात गुंडाळलेला, काठ बरोबर छातीवर येईल असा. वरच्या टोकाला काजळाची तीट.

काल झाडायला म्हणून किल्ली मागून नेली होती कौ.ने. मीच दिली.

मी हसत होते तेवढ्यात दाऊद मास्तर आले. मंडळीचे वडील म्हणजे चर्चचे ज्येष्ठ कारभारी, आयुष्यभर शाळेत पोरांना उभं केलं, आता आम्हाला करतात. "देवाच्या घरात दगड? आन् त्याले तीट? सिस्टर, आपले बापदादे कायले बाहेर पडले मंग हे सारं सोडून?"
म्हटलं, मास्तर, वरवंटा आहे, मूर्ती नाही.
"आज वरवंटा आहे. उद्या कुंकू लागन त्याले."
पाळकांनी दोघांकडे पाहिलं. "सिस्टर, तुम्हीच बघा काय ते." गोड माणूस. उपयोग शून्य.
उपासनेआधी काढून पिशवीत ठेवला. मास्तरांचं बोलणं अगदीच चुकीचं नाही, हे मला जास्त टोचलं.

सोम. ८
वरवंटा परत द्यायला गेले. थोडी रागातच होते. कौ. अंगणात सांडगे घालत होती. पिशवी पाहिली, तोंड उतरलं.
"सिस्टर, रागावल्या का?"
म्हटलं, विचारायचं तरी.
"पुसलं असतं तं तुमी नाही म्हटलं असतं." खरं आहे. मग हात धुऊन माझ्याशेजारी बसली. "आमच्यात पाळणं रिकामं ठेवत नाहीत वो. बारशाले बी आधी वरवंटा निजवतात, मंग लेकरू त्याच्या बाजूले. दगडासारखं टिकलं पायजे म्हणून. तुमचं बाळ यायचं आहे अजून. तवरीक कोनीतरी जागा धरून ठेवाले पायजे न?"
जागा धरून ठेवायला. एसटीत रुमाल टाकतात तसं म्हणाली.

तर ती पिशवी घरी ठेवून घ्यायला तयार नाही. घरात पाळणा लागलेला नाही, तर निजवलेला वरवंटा उठवून पुन्हा पाट्यावर कसा घ्यायचा? पल्लवी आतून ऐकत होती. मी वाद घातला नाही.

माझ्या कपाटात ठेवलाय. टॉवेलवर, तीट वरच्या बाजूला येईल असा. दगडाला वरची बाजू! कोणी पाहिलं तर म्हणेल सिस्टरचं डोकं फिरलं.

शुक्र. १२
आज कळलं. कौ.चा मुलगा नितीन प्लांटमधून डबा परत घेऊन आला, कुरकुरत. चटणी मिक्सरची होती. "आई, वरवंटा कुठं गेला?" हिचं उत्तर, "कामावर गेला."

एकच वरवंटा होता घरात. सासूच्या वेळचा. मला वाटलं होतं जुना, पडलेला वगैरे आणून ठेवला असेल. रोजच्या वापरातला उचलून दिला. आपण चर्चला काय देतो? घरातली जास्तीची सतरंजी, बंद पडलेला पंखा, चालू होईल या आशेने.

हिचं हे नवीन नाही. मला डेंग्यू झाला तेव्हा रोज पेज आणायची आणि मी पिईपर्यंत दारात उभी राहायची. आभार मानले तर चिडायची. मी चर्चमध्ये जे ऐकते ते ही बाई करून मोकळी होते, आणि तिला त्याचं नावही माहीत नाही. कौतुक वाटतं, थोडी असूयाही. लिहून ठेवते.

संदेशाचा कागद कोराच.

सोम. १५
दुपारी भिंतीवर थाप. पल्लवीचं डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी, पायांना सूज. बीपी पाहिलं, इतकं वर की दुसऱ्यांदा पाहिलंच नाही. नितीनला म्हटलं, गाडी बोलव, आधी नागपूर. कौ. नुसती उभी. तिचा हात धरून गाडीत बसवलं. मीही बसले, चपला घरच्याच.

मंगळ. १६, नागपूर
सीझर झालं. मुलगी. दोन महिने आधीच आली. ओंजळीत मावेल एवढी. काचेत ठेवली आहे. पल्लवी बरी आहे. मुलीचं सांगता येत नाही म्हणतात. मी याच वाक्याने कितीतरी आयांना परत पाठवलंय, त्याचा अर्थ मला माहीत आहे.

बीपीमुळे झालं. वरवंटा काढल्यामुळे नाही. बीपीमुळे. दोनदा लिहिते आहे म्हणजे कुठेतरी लागलंय.

गुरु. १८, नागपूर
कौ.ने वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात घर मांडलंय. सगळ्या बायांची नावं माहीत. कोणाचं लेकरू कोणत्या पेटीत, कोणाचा नवरा फोन उचलत नाही. नितीनने आणलेल्या भाकरीचे वाटे करते, स्वतःचा शेवटी, तोही अर्धा. गोंदियाकडची एक पोरगी एकटीच होती, तिचं लेकरू काल गेलं. कौ. तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, एक शब्द बोलली नाही. मी नोकरीभर अशा वेळी काहीतरी बोलले. कधी कधी नुसतं बसायला हवं होतं.

शेवटी माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, कौसल्या, वरवंटा मी गव्हाणीतून काढला, तुला काही वाटतं का? माझ्याकडे असं पाहिलं तिने, जणू मीच आजारी आहे.
"कुठं आहे तो?"
कपाटात.
"पांघरून आहे न अंगावर?"
आहे.
"मंग झालं. त्याच्यानं काही होत नाही सिस्टर. मनाले लावून घेऊ नका. तुमी गाडीत बसल्या म्हनून तं पोरगी आहे."
बाथरूममध्ये जाऊन रडले. घरच्याच चपलांत.

रवि. २१, वरठी
नाताळाची तयारी म्हणून परत आले. यायचं नव्हतं. कौ.नेच ढकललं, "तुमच्या सणाचं तुमी नाही पाहान तं कोन पाहीन?"
उपासनेत मुलीसाठी प्रार्थना मागितली. नाव विचारलं. म्हटलं, अजून नाही ठेवलं. दाऊद मास्तर बाहेर थांबले होते. "दूध घेते का?" नळीने, म्हटलं. "हं." निघाले, परत वळले. "उद्या फोन केला तं मलेही सांगजा." मास्तरांचा आवाज इतका खाली आलेला मी पहिल्यांदा ऐकला.

गव्हाणी तशीच. रिकामी. पहिल्यांदाच मला ती पाहवली नाही. इतकी वर्षं मांडते, लाइटिंग करते, तणीस सारखी करते. माझ्यासाठी ती सजावट होती. त्या बाईला ती आल्या आल्या पाळणा दिसली, खऱ्या बाळाचा. आणि थंडी, आणि रिकामं असण्याचं भय, सगळं खरं दिसलं. आमच्यातल्या कोणालाच कसं नाही दिसलं?

बुध. २४
ठरवलं होतं, वरवंटा ठेवायचाच. भांडण झालं तर झालं.

शेवटच्या गीताआधी मातीचं बाळ ठेवायला गेले, तेव्हा पिशवीतून वरवंटाही काढला. बाळ मध्ये, वरवंटा बाजूला, बारशाला असतो तसा. मंडळीत कुजबुज. म्हाताऱ्या बायांना लगेच कळलं, एकीने डोळ्यांना पदर लावला. त्यांच्याही घरात बारशी होतात, तेव्हा पाळणा काही बाप्तिस्मा विचारून हलत नाही.

मास्तर उठले. मला वाटलं, आता.
गव्हाणीपाशी आले, वाकले. वरवंटा उताराला होता. "असा ठेवतात का सिस्टर? गडगडन, बाळाच्या अंगावर जाईन." मेंढरू उचलून वरवंट्याला टेकण लावलं. आणखी एक मेंढरू. मग जागेवर जाऊन पुस्तक उघडलं, चष्मा न लावता.

गुरु. २५
बोलले. कागद नव्हताच. सांगितलं, की एक बाई आहे, आपल्या धर्माची नाही, तिला आपली गव्हाणी रिकामी पाहवली नाही. देवालाही माणसाचं असंच काहीतरी पाहवलं नसेल, म्हणून तो आला. मला नाताळ एवढाच कळलाय, तोही यंदा. तिने घरात रोज लागणारी वस्तू दिली. आपणही बघू काय देता येतं, जास्तीचं सोडून. नागपुरात एक लेकरू काचेत आहे, त्याला विसरू नका. बसले.
पाच मिनिटं काही झाली नाहीत. पोरं खूश, केक लवकर मिळाला. पाळक म्हणाले, छान. मास्तरांनी नितीनला द्यायला म्हणून स्वतःचं स्वेटर पाठवलं. व्हरांड्यात रात्रपाळी करतो तो.

कौ.ला फोन केला. मागे बायांचा गलका. "हॅपी क्रिसमस सिस्टर!" व्हरांड्यातल्या सगळ्यांकडून म्हणवून घेतलं तिने. मुलगी तशीच आहे. कालपेक्षा वाईट नाही.

रवि. २८
दुपारी कौ.चा फोन. पोरीने आज नळीशिवाय थोडं दूध चोखलं. अगदी थोडं, मग दमून झोपली. पल्लवीने पेटीत हात घालून बोट दिलं, तर बोट धरलं. डॉक्टर अजूनही म्हणतात, पाहू.

मग म्हणाली, "सिस्टर, एक काम होतं. माळ्यावरचं पाळणं खाली काढसान का? धूळ बसली असन."
ज्या पाळण्याचं नाव काढू द्यायची नाही, तोच!
म्हटलं, कौसल्या, रिकामा राहील न तो तुम्ही येईपर्यंत?
"रिकामं कायले? वरवंटा आहे न. तुमचं बाळ तं आलं आता."

नितीन नागपूरला, म्हणून मास्तरांना बोलावलं. स्टुलावर ते, स्टूल धरून मी. दोघांची वयं पाहता ॲम्ब्युलन्स आधीच उभी ठेवायला हवी होती. गाठोडं सोडलं, पुसलं, आढ्याच्या कड्यांना लावला. मास्तर स्वतः चर्चमधून वरवंटा घेऊन आले, पिशवीत नाही, दोन हातांवर. कापडाचा कोपरा सुटला होता. मी नीट गुंडाळला आणि पाळण्यात ठेवला.

ती पोर घरी कधी येईल, येईल की नाही, माझ्यातली सिस्टर अजून हिशेब करतेच आहे. तिला गप्प बसवलं.
मास्तर गेल्यावर दोरी धरून एकदा हलवून पाहिलं. डावीकडची कडी कुरकुरते. उद्या तेल घालायला हवं.