बारावा पहिला गुरू

प्रिय मामा,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. निमंत्रण आल्याचं तू सगळ्या गल्लीला सांगितलंस, मामीने तुझा कोट उन्हात टाकला, शेजारचा शिंपी आपणहून बाही आखूड करून देतो म्हणाला, हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पत्र तीनदा वाचलं, तरी नाही. पंधरा दिवसांनी तू कप्तानाशेजारी व्यासपीठावर उभा राहणार. त्याआधी काही गोष्टी तुला माहीत असायला हव्यात. फोनवर मी नुसता त त प प करतो, म्हणून लिहितोय. लिहिताना निदान खोडता येतं.

कप्तानाकडे मला तीन वर्षं झाली. त्याचं फुटबॉल खेळणं सुटून चौदा झाली, पण अजून कप्तान म्हटल्याशिवाय तो वळून बघत नाही. तो दिवसभर करतो काय, असं तू मागे विचारलं होतंस. फिती कापतो. गेल्या महिन्यात गाद्यांची दोन दुकानं आणि एका दंतवैद्याचा दवाखाना. दुकानात शेवटी चेंडूला लाथ मारायची असते. मी आधीच चेंडूतली अर्धी हवा काढून ठेवतो, म्हणजे काच फुटत नाही आणि त्याचा गुडघाही ठणकत नाही. चेंडू मेलेल्या बेडकासारखा पुढ्यातच पडतो, तरी लोक टाळ्या वाजवतात. टीव्हीवर बसून हा सांगतो, हल्लीच्या पोरांना पाय नाहीत, नुसते केस आहेत. आणि स्वतःचे केस रंगवण्यात त्याची अख्खी सकाळ जाते. चष्मा लावला तर वय दिसतं, म्हणून त्याची भाषणं मी जाड पुठ्ठ्यावर बोटभर अक्षरांत लिहून देतो. शाळा नववीत सुटली तरी अक्षर आणि शुद्धलेखन सुटलं नाही, त्यावरच तर ही नोकरी मिळाली.

भाषणं म्हणजे खरं तर एकच भाषण. लहानपणी आम्ही इतके गरीब, की माझ्याकडे एकच बूट होता, डाव्या पायाचा. म्हणून माझा डावा पाय असा झाला. इथे रुमाल काढायचा. मग, मला चेंडू मारायला शिकवणारे माझे पहिले गुरू याच गावचे, आणि पुढे नावासाठी मोकळी जागा. आयोजक गावातला एखादा निवृत्त शिक्षक शोधून ठेवतात. केस पांढरे हवेत, ऐकू कमी येत असेल तर फारच उत्तम. गुरू त्याला उजव्या पायाचा बूट भेट देतो, हा गुरूला मिठी मारतो, तोंड मात्र कॅमेऱ्याकडे. दर वेळी बुटांचा जोड मीच आणतो. उजवा समारंभाला जातो, डावा ऑफिसच्या कपाटात पडतो. आज त्या कपाटात अकरा डावे बूट आहेत, मामा. पहिल्या गुरूंचा संघ पूर्ण भरला. तू राखीव खेळाडू.

मैदानावर चुन्याच्या रेषा मारायच्या, कुंपण सांधायचं आणि सकाळी पोरांना शिकवायचं, याच्यापलीकडे तू स्वतःबद्दल कधी बोलला नाहीस. पण मी आठ वर्षांचा असताना तू माझ्या उजव्या पायातला बूट काढून घेतला होतास. भिजलेला चामड्याचा चेंडू अनवाणी पायाने एकदा मारून बघ, म्हणालास, पुढच्या वेळी डावा आपोआप पुढे येईल. मी भोकाड पसरलं, तेव्हा म्हणालास, रड बाबा, कप्तानही असाच रडायचा, आणि त्याच्या बापाची तर चपला-बुटांची दोन दुकानं होती. माझा डावा पाय शेवटपर्यंत लाकूडच राहिला, पण ते बोलणं मी विसरलो नाही. तरीही तो गरिबीचा बूट मी अकरा वेळा लिहिला, एकही काना-मात्रा न चुकता. तुझी सगळी विद्या त्याने दारिद्र्यात जमा केली आणि मी मान खाली घालून अक्षर गिरवत बसलो. त्याला लाज नाहीच. मला आहे, पण तीही पगारी.

आता खरी गोष्ट. ते निमंत्रण आयोजकांनी नाही, मी लिहिलं. आपल्या गावचा कार्यक्रम ठरला तेव्हा मोकळ्या जागेत मीच तुझं पूर्ण नाव घातलं. निदान एकदा तरी ते वाक्य खरं ठरावं, एवढंच मनात होतं. वाटलं, हा विसरून गेला असेल. तू माझा मामा हे त्याला ठाऊक नाही. तीन वर्षांत त्याने मला आडनावही विचारलेलं नाही. त्याने पुठ्ठा हात लांब करून वाचला आणि म्हणाला, मास्तर जिवंत आहे अजून? पुठ्ठ्यावर मास्तर हा शब्द नव्हता, मामा. मग म्हणाला, बूट द्यायला लाव आणि लगेच खाली बसव, माइक त्याच्या हाती जाता कामा नये. इतके दिवस मी त्याला मूर्ख समजत होतो. मूर्ख बरा म्हणायची वेळ आली.

तर हे पत्र एवढ्यासाठी. कार्यक्रमपत्रिका मी तयार करतो आणि ती शुक्रवारी छापखान्यात जाते. कप्तान ती उघडत नाही, वर फोटो असला की त्याचं भागतं. त्याच्या भाषणाखालची ओळ मी कोरी ठेवली आहे. नुसता बूट द्यायचा असेल तर तिथे 'भेट' लिहीन. तू कोट घालून ये, फोटो काढून घे, मी पुन्हा ब्र काढणार नाही, आणि तुझ्याबद्दलचं माझं मत तसूभरही बदलणार नाही. बोलणार असशील तर तिथे 'मास्तरांचे मनोगत' असं लिहीन. तीनशे पत्रिका लोकांच्या हातात गेल्यावर माइक नाही म्हणायची आयोजकांची छाती होणार नाही. माझी नोकरी त्याच दिवशी जाईल, त्याची भीती वाटते, खोटं कशाला सांगू. पण तेवढ्यासाठी तू गप्प बसलास तर मला जास्त वाईट वाटेल. गुरुवारपर्यंत कळव. आणि वेळ किती लिहू तेही सांग, मी सध्या पाच मिनिटं धरली आहेत.

तुझाच,
पुठ्ठे रंगवणारा भाचा