आईच्या हातपिशव्या

ता. ४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या सांगण्यावरून आईची कॉट खिडकीपाशी सरकवली. बाहेर कुलरवर कबुतरांचं घरटं होतं. पिल्लांशी आईच्या एवढ्या गप्पा चालायच्या, की माझ्यावर ओरडायलाही तिला फुरसत नसे! गेल्या आठवड्यात पिल्लं उडाली आणि आता नवीनच सुरू झालंय. अंगावर काहीतरी चालतं, चावतं म्हणते. चादरी उकळल्या, गादी उन्हात टाकली, चष्मा लावून शिवण न् शिवण पाहिली. काही नाही. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. ती मात्र रक्त निघेपर्यंत खाजवते. शिलाई मशीनवर बसले तरी माझं अर्धं लक्ष तिच्याकडेच असतं. काय करू ते लिही.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी

ता. ११ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. आ.

आईचंही पत्र आलं. तेच रडगाणं. पिल्लं गेली, करमत नाही, म्हणून हे खूळ. आपण सहलीला निघालो की हिचं डोकं कसं नेमकं दुखायचं, आठवतं ना? तू एवढी शिवणारी, मऊ कापडाच्या दोन हातपिशव्या शिव. झोपताना तिच्या हातांवर चढवून मनगटाशी नाडीने बांधत जा. दुहेरी गाठ मार, नाहीतर दातांनी सोडेल, ती काय कमी आहे!

तब्येतीला जप. शिव्या घालायच्या तर पत्रातूनच घाल, लोभ समजून घेईन.
तुझी ताई

ता. २ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा उपाय लागू पडला. पहिले दोन दिवस आई रडली, मीही रडले. आता तक्रारीचं नाव नाही. हातपिशव्या आणल्या की आपणहून दोन्ही हात पुढे करते. परवा म्हणाली, शिवण छान आलीय. घर कसं शांत आहे गं.

अशीच माया ठेव.
तुझी धाकटी

ता. ९ जून

ती. ताईस,
सा. न.

आईला जाऊन तीन आठवडे झाले. तू परतलीस आणि घर खायला उठलं, म्हणून तिच्या कॉटवर झोपू लागले. तिसऱ्या दिवशी अंगभर पुरळ उठलं, खाज थांबेना. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. त्याने रिकामं घरटं पांढऱ्या कागदावर झटकलं, तर सुईच्या टोकाएवढे ठिपके चालू लागले. पाखरांचं रक्त पिणारे किडे आहेत, पाखरं उडाली की उपाशी घरात शिरतात आणि माणसाला चावतात, म्हणाला.

आई खरं बोलत होती, ताई. ती हृदयाने गेली हे मला कळतं. पण गेली तेव्हा तिचे हात बांधलेले होते. दुहेरी गाठ मला सुटेना. शेवटी कात्रीने कापली.

धाकटी

ता. १५ जून

चि. धाकटीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. गाठ तू मारलीस, पण ती माझी होती.

एक गोष्ट तुला सांगितली नाही. एप्रिलमधल्या आईच्या पत्राला खाली चिकटपट्टी लावलेली होती. तिने लिहिलं होतं, की मी पकडलेत, धाकटीचे डोळे शिवून शिवून थकलेत, तिला दिसत नाहीत, तू बघ आणि तिला सांग. पट्टीवर चार काळे ठिपके होते. मी धूळ समजून हसले आणि तुला हातपिशव्या शिवायला सांगितल्या.

काल पट्टी भिंगाखाली धरली. ठिपक्यांना पाय आहेत.

लोभ मागायला तोंड नाही. तरी दोन ओळी पाठव.
तुझी ताई