आरशावरचा टॉवेल

मंगळवार, संध्याकाळ. आनंदनगर.

आमच्या ट्रकच्या यार्डात गाडीच्या बाहेरच्या आरशावर टॉवेल टाकला की ड्रायव्हर झोपलाय, त्याला उठवायचं नाही. गाड्या सोडणारा नितीनसुद्धा एवढं पाळतो. बाकी काही पाळत नाही हरामखोर.

दुपारी सुरतहून आलो, डोळे चुरचुरत होते, तोच याचा फोन. "लोड तयार आहे, लगेच न्हावाशेवाला निघ. झोप तिकडे बंदराच्या लाईनीत काढ." स्वतः एसीत बसून सांगतो!

माझा टॉवेल ढाब्यावरच राहिलेला. शेजारच्या गाडीत दत्तू घोरत होता. दोन रात्री जागून आलेला, हे मला ठाऊक होतं. तरी त्याच्या आरशावरचा लाल पट्ट्यांचा टॉवेल काढून माझ्या आरशावर टाकला आणि पडदा ओढला.

नितीन आला, माझा आरसा बघून वळला आणि दत्तूचा दरवाजा बडवला. "टॉवेल कुठाय तुझा? चल, ऊठ!"

"साहेब, टाकला होता हो..."

मी आत पडून ऐकत होतो. हसू आलं. का आलं?

नंतर झोप मस्त लागली, खोटं कशाला लिहू. पण एक डोक्यातून जात नाही. निघताना दत्तूची गाडी माझ्या आरशाला खेटून गेली. लाल पट्टे त्याने ओळखले असणारच. तरी हॉर्न दिला नाही. टॉवेल असलेल्याला उठवायचं नाही ना.