फळ्याची मागची बाजू

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही. आधी तेच लिहिते. कारण तुम्ही असतात तर पत्र उघडल्याबरोबर लाल पेन शोधलं असतंत.

गुजराती मुलखात, मांजलपूरच्या त्या घरात पुढच्या खोलीत तुमची शिकवणी चालायची. नवे कारखाने येत होते, जो तो म्हणत होता, इंग्रजी नाही आलं तर मुलगा बसून राहील. संध्याकाळी फाटकापाशी स्कूटरींची रांग लागायची. फळा तुम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीला टांगला होता. त्या बाजूला तुम्ही, या बाजूला ओट्याशी मी. मला खडू ऐकू यायचा, अक्षर दिसायचं नाही. आणि मी तिथे का होते? शाळेत इंग्रजी सोडता येत होतं आणि तुम्ही, इंग्रजीचे मास्तर, माझ्या अर्जावर सही केली होतीत म्हणून. आई म्हणाली होती, "अहो, घरात मास्तर असताना?" तुम्ही म्हणालात, "सरांच्याच मुलीला कमी मार्क पडले तर माझ्याकडे कोण येईल?" मी पोळ्या लाटत होते. मला ऐकू येत नाही असं तुम्हाला का वाटायचं, कोण जाणे.

भूतकाळ तुम्ही छान शिकवायचात, हे खोटं कसं म्हणू? "गळ्याला बोट लावा. क्रियापदाच्या शेवटी गळ्यात थरथर जाणवली तर पुढे ड, नाही जाणवली तर ट. लव्ह, लव्ह्ड. वर्क, वर्क्ट." एक मुलगा दर वेळी वर्केड म्हणायचा. "वर्केड काय रे गाढवा? काकडी आहे का ती?" सगळी खोली हसायची. तो विचारायचा, "पण सर, लखवानुं शुं?" लिहायचं कसं, हा त्याचा प्रश्न. तुम्ही म्हणायचात, "डोळे आहेत ना? फळ्यावर बघ." आणि भिंतीच्या अलीकडे मी कणकेचं बोट गळ्याला लावून पुटपुटते आहे: कुक्ट, वॉश्ट, क्लीन्ड. आई जेवताना म्हणायची, "अगं, गळ्याला कणीक कशी लागली?" तुम्ही मान वर करून पाहिलंत असं मला आठवत नाही.

मग लग्न झालं. नवरा कोयलीला ठेकेदाराकडे वेल्डिंगला होता, मला बसल्या बसल्या पेपर वाचून दाखवायला सांगायचा. मुलगा चार वर्षांचा असताना नवरा वारला. त्यानंतर पुष्कळ दिवस मी "ते म्हणतात", "त्यांना आवडतं" असंच बोलत राहिले. कुणी ते सुधारलं नाही. सावली गावाच्या रस्त्यावर एका नव्या कारखान्यात स्टोअरमध्ये नोंदी ठेवायला बाई हवी होती. अर्ज इंग्रजीत, स्वतःच्या हातानं लिहायचा होता. भूतकाळातलं माझं पहिलं इंग्रजी वाक्य मी त्याच्यावर लिहिलं, की माझा नवरा कोयलीला काम करत होता. वर्क लिहिलं आणि पुढे टी.

टेबलामागचा माणूस वाचता वाचता थांबला. "बेन, आ कई भाषा छे?" मग शेजारच्याला हाक मारून त्यानं ते वाक्य दाखवलं. "वर्केड, बेन, वर्केड! ई-डी!" तो शब्द ऐकला आणि मी त्याला ओळखलं. त्यानंही मला निरखून पाहिलं. "अरे, तमे तो सरनी दीकरी!" हो, सरांचीच मुलगी. नाना, लिहायचं त्याला येत होतं, म्हणायचं मला. काम मला मिळालं नाही.

संध्याकाळी तुम्ही माझ्या दारात. त्यानं अर्ज तुम्हाला नेऊन दाखवला होता. चपलाही काढल्या नाहीत. "वर्कला टी? माझी मुलगी असून? गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." माझ्या कपाळाकडे पाहायचं टाळून तुम्ही स्पेलिंगवर बोलत होतात. मुलगा माझ्या पदराआड उभा होता. मी पाणी आणलं, ते तुम्ही प्यायला नाहीत.

तुम्ही एवढंही विचारलं नाहीत की हा टी आला कुठून. जन्मभर वह्या तपासलेला माणूस! त्या अर्जात एकही टी चुकीच्या जागी नव्हता. वर्कला टी, पासला टी, लिव्हला मात्र डी. गळ्याला बोट लावल्याशिवाय असं कुणी लिहील का? अर्ज नीट वाचला असतात तर तुमचाच आवाज तुम्हाला ऐकू आला असता. पण तुम्हाला फक्त तुमचं नाव ऐकू आलं. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात आणि हे बोलायचं राहून गेलं.

ई-डी मी पुढे स्वतःच शिकले, वाचनालयातली पुस्तकं आणून, डिक्शनरी मांडीवर घेऊन. एका बालवाडीत लागले, मुलाला वाढवलं. आता नात माझ्याकडे बसते. परवा तिला भूतकाळ होता. मी सांगितलं, "गळ्याला बोट लाव. पण लिहायचं दोन्हीकडे ई-डी, हे डोळ्यांनी बघ." नातीला मजा वाटली. सून दारात उभी होती. सावलीकडची, गुजराती शाळेत शिकलेली. म्हणाली, "आई, हुं पण बेसुं? मला ते कधी समजलंच नाही."

मी म्हणाले, "आधी पोळ्या उरकून घे."

ती आत गेली. वाढायला आली तेव्हा तिच्या गळ्यावर पीठ होतं. मी पाहिलं, नाना, आणि पोळी वाढून घेतली.